डिकीतला खडखडाट: आवाज कुठून येतो ते घरच्या घरी कसं शोधायचं

खड्डा आला की मागून खडखड. गाणी बंद करून, काचा वर करून सगळे कान देऊन बसतात आणि प्रत्येकाचं मत वेगळं. एक म्हणतो स्टेपनी, दुसरा म्हणतो शॉकअप गेले, तिसऱ्याला तो सायलेन्सर वाटतो. गॅरेजमध्ये नेल्यावर मेकॅनिक डिकी दोनदा आपटतो, एखादा नट आवळतो, ‘झालं साहेब’ म्हणतो, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला आवाज हजर.

यात मेकॅनिकचा फारसा दोष नाही. डिकीच्या आवाजावर इलाज बहुधा फुटकळ असतो: फेल्टची पट्टी, रबराचा तुकडा, नाहीतर बोल्टचा अर्धा आटा. वेळ खातो तो शोध, आणि रांगेत गाड्या उभ्या असताना एका खडखडाटामागे अर्धा दिवस घालवणं कुठल्याच गॅरेजला परवडत नाही. म्हणून शोध आपण घ्यायचा. आवाजाची जागा सापडली की निम्म्याहून जास्त वेळा दुरुस्तीही घरीच होते. नाही झाली तरी गॅरेजवाल्याला नेमकं बोट दाखवता येतं.

खालचा क्रम मुख्यतः हॅचबॅक गाडीसाठी आहे, कारण तिथे डिकी आणि केबिन यांच्यामध्ये पार्सल ट्रे, म्हणजे मागच्या सीटमागचं आडवं झाकण, सोडला तर काहीच नसतं आणि मागचा प्रत्येक खुट्ट आवाज आत येतो. सेदान किंवा सीएनजीवाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

शोध संपेपर्यंत एक पथ्य पाळा: एका वेळी एकच बदल. उत्साहाच्या भरात चार ठिकाणी पट्ट्या लावल्या आणि आवाज थांबला, तर तो कशाने थांबला ते कळत नाही. पुन्हा सुरू झाला की परत पहिल्यापासून.

आधी हे जमवून ठेवा

- १० आणि १२ चा पाना, जमल्यास सॉकेटचा छोटा सेट. डिकीतले बरेच बोल्ट याच मापाचे असतात.
- चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर. काही गाड्यांत लॉकला चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू असतात, त्यांचे बिट वेगळे घ्यावे लागतात.
- पॅनेल उचकटायची प्लास्टिकची पट्टी. ॲक्सेसरीच्या दुकानात मिळते. स्क्रू ड्रायव्हरने पॅनेल उचकटलं तर प्लास्टिकवर कायमचे ओरखडे पडतात.
- मागे गोंद असलेली फेल्टची पट्टी, पातळ फोम टेप, वायरिंगला वापरतात ती कापडी टेप, मास्किंग टेप.
- काही केबल टाय.
- सिलिकॉन स्प्रे आणि थोडं पांढरं ग्रीस.
- टॉर्च, जुनं वर्तमानपत्र, जाड टॉवेल, एक-दोन जुन्या उशा किंवा चादरी.
- आवाज रेकॉर्ड करायला मोबाईल. दोन असतील तर उत्तम.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे यातलं बरंचसं एका फेरीत मिळून जातं. इतर गावांत हार्डवेअरचं दुकान आणि एखादं कार ॲक्सेसरीचं दुकान पुरे. फेल्ट मात्र कापडी आणि दाट घ्या. सजावटीचं स्वस्त फेल्ट काही आठवड्यांत झिजतं आणि त्याचे धागे लॉकमध्ये अडकतात.

कागदांपैकी गाडीचं मॅन्युअल काढून ठेवा. जॅक कुठल्या खाचेत, कसा बसवायचा याचं चित्र त्यात असतं आणि ते पुढे लागणार आहे. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीची पुस्तिका आणि शेवटच्या सर्व्हिसचं बिलही जवळ ठेवा. मागून कधी ठोकर बसली असेल तर त्या दुरुस्तीचं बिल शोधा. सीएनजीवाल्यांनी सिलिंडरच्या हायड्रो टेस्टचं, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीचं, प्रमाणपत्र.

१. आवाज कधी येतो ते आधी लिहून काढा

पाना हातात घेण्याआधी दोन-तीन दिवस फक्त ऐका. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो हे जास्त उपयोगी पडतं.

फक्त खड्ड्यात किंवा पेव्हर ब्लॉकवर येत असेल तर काहीतरी सुटं आहे. गाडी एका जागी उभी, इंजिन चालू, आणि तरी मागे भणभण होत असेल तर सायलेन्सर किंवा त्यावरचं उष्णतारोधक पत्र्याचं कवच बघा. वळणावर एकदाच ‘टक्’ आणि उलट्या वळणावर पुन्हा ‘टक्’ म्हणजे काहीतरी घरंगळतंय. स्पीडब्रेकर तिरका ओलांडताना, म्हणजे एका बाजूचं चाक आधी चढताना, करकर किंवा कुरकुर ऐकू येत असेल तर गाडीचा सांगाडा किंचित पिळला जातोय आणि डिकीचं दार रबरावर घासतंय. गाण्यात ढोल वाजला की भणभणत असेल तर नंबर प्लेट, पार्सल ट्रे किंवा स्पीकर.

वेग वाढेल तशी लय वाढत जाणारी घरघर हा डिकीचा विषय नाही. ते टायर किंवा चाकाचं बेअरिंग असू शकतं. तसा आवाज असेल तर हा लेख बाजूला ठेवून गाडी दाखवून या.

हवामानाचीही नोंद करा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी प्लास्टिक आकसतं, रबर कडक होतं आणि आवाज वाढतो. दुपारी ऊन तापलं की तीच गाडी शांत. असा आवाज बहुधा पॅनेलचा किंवा बिडिंगचा, म्हणजे दाराभोवतीच्या रबराचा, असतो. स्टेपनीच्या नटाला थंडी-उन्हाने काही फरक पडत नाही.

आणि टायरमधली हवा. पंपावरचा पोरगा विचारतो ‘किती?’ आणि आपण म्हणतो ‘भर नेहमीची’. हवा जास्त झाली की प्रत्येक खडा थेट सांगाड्यात जाणवतो आणि निरोगी गाडीही खडखडते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावरचा आकडा बघून थंड टायरमध्ये तेवढीच हवा भरा. काही वेळा प्रकरण इथेच मिटतं.

२. डिकी पूर्ण रिकामी करा

पूर्ण म्हणजे पूर्ण. ‘माझ्या डिकीत काहीच नाही’ असं म्हणणाऱ्यांच्या डिकीतून छत्री, गाडी धुवायची बादली, पोरांची बॅट, पाण्याच्या अर्ध्या बाटल्या आणि कुठल्याशा देवळातून आणलेला नारळ निघतो. नारळाचा आवाज तर हुबेहूब सस्पेन्शनसारखा येतो.

लोक विसरतात त्या तीन वस्तू म्हणजे गाडीसोबत मिळालेला लाल त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि बाजूच्या कप्प्यातलं किरकोळ सामान. त्रिकोण कडक प्लास्टिकच्या डबीत सुटा असतो. डबी घट्ट बसलेली असली तरी आतला त्रिकोण वाजतो. प्रथमोपचार पेटीत कात्री असते. दोन्ही बाहेर काढा. चटई उचला, तिच्याखालचा पुठ्ठ्यासारखा फ्लोअर बोर्डही काढा.

आता गाडी फिरवून या. आवाज गेला तर एकेक वस्तू परत ठेवत जा आणि जिला वाचा फुटेल तिला टॉवेलमध्ये गुंडाळा. त्रिकोणाच्या डबीत फोमचा तुकडा घातला की तो कायमचा गप्प होतो.

३. एक रस्ता ठरवा आणि मागच्या सीटवर कोणाला तरी बसवा

ड्रायव्हरच्या जागेवरून मागच्या आवाजाची दिशा कळत नाही. आवाज पत्र्यातून प्रवास करतो आणि डावीकडचा आवाज उजवीकडून आल्यासारखा वाटतो. त्यामुळे गाडी एकाने चालवायची आणि ऐकणाऱ्याने मागच्या सीटवर, बेल्ट लावून, बसायचं.

रस्ता रोज तोच ठेवा. पेव्हर ब्लॉकची गल्ली, सांधे उखडलेला काँक्रीटचा रस्ता किंवा पांढऱ्या रंबल पट्ट्या असलेला निवांत पट्टा चांगला. ताशी २० ते ३० किलोमीटर वेग, काचा बंद, एसी आणि पंखा बंद.

डिकीत माणूस बसवून दार लावायचं आणि त्याला ‘ऐक’ म्हणायचं, ही कल्पना कोणाला ना कोणाला सुचतेच. अजिबात करू नका. दार अर्धवट उघडं ठेवून चालवूही नका, कारण चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो.

माणसाचं काम मोबाईल करतो. रेकॉर्डिंग सुरू करून एक मोबाईल डिकीच्या डाव्या कोपऱ्यात आणि दुसरा उजव्या कोपऱ्यात टॉवेलच्या घडीत घट्ट बसवा. तोच रस्ता एकदा फिरा आणि दोन्ही रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका. ज्यात आवाज ठसठशीत, ती बाजू. एकच मोबाईल असेल तर दोन फेऱ्या मारा.

४. स्टेपनीचा खड्डा

सगळ्यात जास्त आवाज इथे जन्माला येतात, आणि त्यातले बरेचसे पंक्चर काढल्यानंतर. पंक्चरवाला चाक बसवून देतो, जॅक आणि टॉमी (जॅकसोबतचा लोखंडी दांडा) स्टेपनीच्या मधल्या खळग्यात टाकतो आणि वर चटई पसरतो. पुढे महिनाभर आपण शॉकअपला शिव्या देतो.

स्टेपनी मधल्या प्लास्टिकच्या किंवा लोखंडी मोठ्या नटाने दाबलेली असते. हात लावून हलवून पाहा, तसूभरही हलता कामा नये. नट शेवटपर्यंत आवळूनही चाक हलत असेल तर दोन शक्यता: चाक उलटं ठेवलंय, किंवा अलॉय चाकं बसवल्यावर नटाची लांबी आणि चाकाची जाडी जुळत नाही. मॅन्युअलमधल्या चित्रासारखं चाक ठेवा. तरी फट राहिली तर टायर आणि खड्ड्याचा तळ यांच्यामध्ये जुन्या रबरी पायपुसण्याचे तुकडे सरकवा आणि मग नट आवळा. नट हातानेच आवळायचा. पाना लावून पिळला तर प्लास्टिक फुटतं, आणि पुढचं पंक्चर रात्री घाटात झालं तर तो नट सुटत नाही.

जॅकची गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. अनेक गाड्यांत जॅक एका कोनाड्यात किंवा कंसात ठेवतात आणि मग त्याचा स्क्रू हाताने फिरवून जॅक थोडा उघडतात, म्हणजे तो त्या जागेत वर-खाली ताठ अडकतो. नुसता ठेवला तर तो वाजणारच. ठेवून झाल्यावर ओढून बघा, निघता कामा नये. टॉमी, ओढायचा हुक, स्क्रू ड्रायव्हर हे सगळं त्यांच्या थैलीत घाला. थैली हरवली असेल तर जुन्या जीन्सच्या पायात गुंडाळून केबल टायने बांधा.

खड्ड्याच्या तळाशी हात फिरवून पाणी आहे का बघा. असेल तर डिकीचं रबर कुठेतरी गळतंय. हे मुद्दा ६ साठी लक्षात ठेवा.

एर्टिगा किंवा इनोव्हा क्रिस्टासारख्या गाड्यांत स्टेपनी खालून, गाडीच्या पोटाला टांगलेली असते. तिची यंत्रणा पूर्ण वर ओढलेली नसेल तर चाक लोंबतं आणि आपटतं. हा आवाजाइतकाच सुरक्षेचा प्रश्न आहे. चाक हलत असेल तर लगेच वर ओढून घ्या आणि नंतर गॅरेजमध्ये तपासून घ्या.

५. पार्सल ट्रे आणि मागची सीट

पार्सल ट्रे काढून घरी ठेवा आणि फेरी मारा. आवाज थांबला तर ट्रे जिथे टेकतो त्या चारही ठिकाणी आणि बाजूच्या खुंट्यांवर फेल्टची पट्टी चिकटवा. ट्रे उचलणाऱ्या दोऱ्यांच्या टोकांचे प्लास्टिकचे मणी काचेवर टिकटिक करतात, त्यांवर कापडी टेपचा एक वेढा पुरतो. ट्रेवर ठेवलेल्या मोठ्या स्पीकरच्या डब्यांबद्दल एवढंच: ते वाजतात, काच अडवतात आणि जोरात ब्रेक लागला तर उडून डोक्यावर येतात. काढून टाका.

मागची सीट हा मात्र छुपा गुन्हेगार. सीटची पाठ दुमडता येत असेल तर ती बाजूच्या लोखंडी कडीत लॉक होते. त्या लॉकमध्ये थोडं जरी ढिलेपण आलं की रिकामी सीट खड्ड्यात कडीवर आपटते, आणि आवाज अगदी डिकीतून आल्यासारखा वाटतो. पारख सोपी आहे. मागे बसलेल्या माणसाने चालत्या गाडीत पाठ मागे घट्ट रेटून धरायची. आवाज थांबला तर चोर सापडला. कडीवर फेल्टचा किंवा कापडी टेपचा एकच वेढा द्या. दोन दिले तर लॉक पूर्ण बसत नाही. नंतर पाठ जोराने पुढे ओढून लॉक पक्कं आहे याची खात्री करा. काही गाड्यांत लॉक अर्धवट असेल तर बटणाजवळ लाल खूण दिसते.

तसंच मागच्या बेल्टच्या बकला एकमेकांवर किंवा दाराच्या प्लास्टिकवर आपटत नाहीत ना, आणि हेडरेस्ट खाचेत बसलेत ना, हेही बघून घ्या.

६. डिकीचं दार: लॉक, कडी, स्टॉपर, बिडिंग

इथवर येऊन आवाज शिल्लक असेल तर संशय दारावर.

दार बंद करून बाहेरून दोन्ही तळव्यांनी खालच्या कडेला दाबा आणि सोडा, पुन्हा दाबा. दार आत-बाहेर हलल्यासारखं वाटलं किंवा टक्-टक् ऐकू आलं, तर ते लॉकमध्ये सैल आहे. दार तीन गोष्टी धरून ठेवतात: लॉक आणि त्यात अडकणारी यू आकाराची कडी, कोपऱ्यांतले रबरी स्टॉपर, आणि भोवतालचं रबर, म्हणजे बिडिंग. तिन्ही तपासायच्या, पण याच क्रमाने नाही. सर्वात सोपं आणि बिनधोक ते आधी.

बिडिंग: वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. एक पट्टी रबरावर आडवी ठेवून दार लावा आणि पट्टी हळूच ओढा. ती अडकत, घासत यायला हवी. सहज सरकून आली तर त्या जागी रबर दबलंय. दाराच्या चारही बाजूंनी, वीतभर अंतराने, हे करा. सैल जागा मास्किंग टेपने खुणावून ठेवा. रबर त्याच्या पत्र्याच्या कडेवरून निसटलं असेल तर हाताने दाबून परत बसवा. कोपऱ्यांत ते बऱ्याचदा सुटतं. मग ओल्या फडक्याने रबर आणि दाराची त्यावर टेकणारी कड दोन्ही पुसून, कोरडं करून, फडक्यावर सिलिकॉन स्प्रे मारून रबराला चोळा. कुरकुर बहुधा इथेच थांबते. घरातलं खोबरेल, इंजिन ऑइल, डिझेल यातलं काहीही रबराला लावू नका. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, आणि खोबरेलाला धूळ चिकटून नवीनच करकर सुरू होते.

स्टॉपर: दार किंवा चौकटीच्या कोपऱ्यांत रबराचे गोल किंवा चौकोनी ठोकळे असतात. दार लागल्यावर ते दाबले जाऊन दाराला ताण देतात. त्यांच्या टोकाला थोडी पावडर किंवा खडू लावा, दार लावा, उघडा. समोरच्या पत्र्यावर ठसा उमटला नाही तर स्टॉपर टेकतच नाही. बऱ्याच गाड्यांत ते आट्यांवर असतात आणि उलट फिरवले की बाहेर येतात. दोन्ही बाजू सारख्याच, अर्धा-अर्धा आटा बाहेर काढा आणि फेरी मारा. पुरलं नाही तर आणखी अर्धा. दार लावायला आपटावं लागू लागलं की समजा जास्त झालं, एक पाऊल मागे या. काही गाड्यांत स्टॉपर नुसते दाबून बसवलेले असतात. ते झिजले असतील तर नवीनच घ्या, किंमत किरकोळ असते.

कडी: आता लॉकची पाळी. कडीवर इन्सुलेशन टेपचा एकच घट्ट वेढा द्या आणि फेरी मारा. आवाज थांबला किंवा बराच कमी झाला तर लॉक आणि कडी यांच्यात फट आहे. टेप ही फक्त चाचणी आहे, काही दिवसांत ती फाटते आणि तिचे तुकडे लॉकमध्ये जातात, त्यामुळे काढून टाका. खरा उपाय कडी किंचित सरकवण्याचा. आधी कडीच्या पायाभोवती मार्करने बारीक रेघ ओढा, म्हणजे फसलं तर मूळ जागी परत येता येईल. बोल्ट पूर्ण न काढता थोडे सैल करा, कडी दार घट्ट ओढलं जाईल त्या दिशेने जेमतेम एक मिलिमीटर सरकवा, बोल्ट पक्के आवळा. दार हळू लावून बघा, मग नेहमीसारखं. लॉकच्या आत थोडं पांढरं ग्रीस लावा.

दार आपोआप उघड-बंद होणारी, मोटरवाली डिकी असेल तर कडीला हात लावू नका. तिथे लॉक स्वतःच दार आत ओढून घेतं आणि मापं बिघडली तर मोटर अडते. मागून ठोकर बसून दुरुस्त झालेल्या गाडीतही कडीशी फार खेळू नका. दाराच्या दोन्ही बाजूंच्या फटी बघा. एकीकडे बोटभर आणि दुसरीकडे नखभर असेल तर दारच वाकडं बसलंय आणि ते बिजागरीवरून डेंटरनेच सरळ करायचं काम आहे.

दार उचलून धरणाऱ्या गॅसच्या नळ्या, ज्यांना लोक डिकीचे शॉकअप म्हणतात, त्यांच्या टोकांचे गोळे खोबणीत सैल झाले की टिक्-टिक् होतं. टोकाची क्लिप नीट बसवा, ग्रीसचा ठिपका लावा. नळी उघडायचा किंवा भोक पाडायचा विचारही करू नका, आत दाबाखाली वायू असतो.

सेदानमध्ये तत्त्व हेच. फक्त झाकण आडवं असतं आणि स्टॉपर बहुधा झाकणाच्या मागच्या कोपऱ्यांत सापडतात.

७. बाहेरून टांगलेल्या गोष्टी

दार बंद करून मुठीच्या मऊ बाजूने हळू ठोकत जा: नंबर प्लेट, तिचा दिवा, वरचा ब्रेक लाइट, स्पॉयलर, मागचा वायपर, बंपरच्या कडा. जिथे किणकिण ऐकू येईल तिथे थांबा.

नंबर प्लेटवर जरा जास्त लिहितो. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, ॲल्युमिनियमची, पातळ असते आणि मधोमध मोकळी राहिली की पत्र्यावर टणटणते. ती काढू नका. तिचे स्नॅप लॉक एकदा तोडले की परत बसत नाहीत आणि नवीन प्लेटसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. प्लेट न काढताच चारही कोपऱ्यांमागे आणि खालच्या कडेमागे फोमचे छोटे तुकडे चपट्या पट्टीने सरकवा. बाहेरून बसवलेली प्लास्टिकची शोभेची फ्रेम असेल तर ती काढून टाका. निम्मा आवाज तिचाच असतो, आणि अक्षरं झाकली गेली तर पोलिसांशी वाद वेगळा.

८. आतली पॅनेल आणि वायरी

रिव्हर्स कॅमेरा किंवा स्पीकर बसवून घेतल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तर आधी इथेच बघा. फिटर घाईत पॅनेल ओढतो, दोन क्लिपा तुटतात, आणि तो उरलेल्या क्लिपांवर पॅनेल दाबून मोकळा होतो. वायर आत तशीच लोंबती सोडलेली असते.

दाराच्या आतल्या पॅनेलवर तळहात दाबून ठेवून दुसऱ्या हाताने आजूबाजूला ठोका. दाबल्यावर आवाज थांबतो तिथली क्लिप गेलेली. पॅनेल दुपारी, गाडी कोमट असताना उघडा, थंडीत प्लास्टिक तडकतं. प्लास्टिकची पट्टी क्लिपच्या अगदी जवळ घालून सरळ बाहेर ओढायचं, मधोमध धरून हिसकायचं नाही. आतल्या वायरींना आणि कनेक्टरना कापडी टेप गुंडाळा आणि केबल टायने मूळ वायरिंगला बांधा. तुटलेली क्लिप सोबत घेऊन दुकानात जा, त्याच मापाची मिळते.

एक ठिकाण मात्र वर्ज्य. मागच्या काचेच्या बाजूच्या खांबावरचं प्लास्टिक, विशेषतः त्यावर ‘एअरबॅग’ लिहिलेलं असेल तर, उघडू नका. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिथपर्यंत आलेली असते.

९. आवाज डिकीखालून येत असेल तर

गाडी थंड असताना सायलेन्सर हाताने हलवा. थोडं हलणं ठीक, पण तो कशावर आपटत असेल तर त्याला टांगणारी रबरं फाटलीत. पत्र्याचं कवच बोटाने टकटकवा, गंजलेल्या बोल्टभोवती ते सुटतं. दोन्ही कामं कुठल्याही गॅरेजमध्ये चटकन होतात. गरम सायलेन्सरला हात लावू नका आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.

मागच्या कोपऱ्यावर वजन टाकून गाडी दोन-तीनदा दाबा. ‘धप’ असा जड आवाज आला, किंवा सोडल्यावर गाडी हेलकावत राहिली, तर शॉकअप किंवा त्याचे बुश (सांध्यातली रबरं) बघायला हवेत. हे घरगुती काम नव्हे.

टाकी अर्धी असताना ब्रेक मारल्यावर मागच्या सीटखालून डबडब ऐकू येते, ते पेट्रोल आहे. ते दुरुस्त करायचं नसतं.

१०. डिकीत सीएनजी सिलिंडर असेल तर

सिलिंडर आणि सीटच्या फटीत काय काय पडलंय ते टॉर्चने बघा. बाटल्या, चपला, पोरांच्या गाड्या त्या फटीत जाऊन वाजतात. तेवढं काढणं तुमचं काम. त्यापलीकडे हात आवरा. सिलिंडर पोलादी पट्ट्यांनी बांधलेला असतो आणि पट्ट्या व सिलिंडर यांच्यामध्ये रबर असतं. ते रबर सरकलं की धातू धातूवर घासतो. टाकी भरलेली असताना आतला दाब २०० बारच्या आसपास असतो, म्हणून पट्टीचा बोल्ट स्वतः आवळायचा नाही, खाली फेल्ट कोंबायचं नाही. अधिकृत सीएनजी केंद्रात न्या. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावीच लागते, ती जवळ आली असेल तर दोन्ही कामं एकत्र होतील. आवाजासोबत गॅसचा वास येत असेल तर गाडी मोकळ्या जागी थांबवा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि मेकॅनिकला तिथे बोलवा.

११. गॅरेजला न्यायची वेळ आली तर

‘मागून आवाज येतो’ एवढंच सांगू नका. सांगा: ‘स्टेपनी, ट्रे, सीट तपासली. ताशी २५ ला पेव्हर ब्लॉकवर, डाव्या बाजूला, फक्त सकाळी येतो.’ मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकवा. सर्व्हिस सेंटरमध्ये असाल तर हे शब्द जॉब कार्डवर लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा. वॉरंटीच्या काळात केलेली तक्रार कागदावर असली की पुढे तोच आवाज परत आल्यावर ‘हे नवीन आहे’ असं कोणी म्हणू शकत नाही.

मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज येतो त्याच रस्त्यावर नेण्याचा आग्रह धरा. ‘शॉकअप दोन्ही बदलावे लागतील’ असं गाडी न फिरवताच सांगितलं तर नम्रपणे ‘आधी दाखवा कुठे गळतंय’ म्हणा. शॉकअप खरोखर गेला असेल तर त्यावर तेलाचा ओघळ बऱ्याचदा दिसतो. बदललेला जुना भाग परत मागा.

आणि डिकी रिकामीच न्या. सामानासह दिली तर पहिला शोध तुमच्या छत्रीचाच लागतो आणि त्यावरच काम संपतं. बिल देण्याआधी त्याच रस्त्यावरून एक फेरी मारून या.